स्वभाषेचा अधिकार : मावळातील शिलालेख आणि सीमाभागातील शाळा

शाळेत मुलाला कोणत्या भाषेतून शिकवावे, हा प्रश्न वरवर पाहता शिक्षणखात्याच्या कारभाराचा वाटतो. परंतु इतिहासात थोडे मागे गेले म्हणजे हा प्रश्न नेहमीच अधिकाराचा राहिला आहे, असे आढळून येते. ज्ञान कोणत्या भाषेत साठवायचे हे ज्यांनी ठरविले, त्यांनीच ते कोणाच्या हाती पडू द्यायचे हेही ठरविले. म्हणून मातृभाषेतून शिकण्याचा अधिकार गमावणे म्हणजे काय, याचा विचार बौद्ध समाजाने केवळ भाषिक अस्मितेच्या अंगाने न करता समतेच्या अंगाने करणे अगत्याचे आहे.

या विचाराचा पहिला धागा विनयपिटकातच सापडतो. चुल्लवग्गात एक प्रसंग आहे. ब्राह्मण कुळात जन्मलेल्या व वाणीवर प्रभुत्व असलेल्या दोन भिक्खूंनी तथागतांकडे तक्रार केली की, नाना गोत्रांतून आणि नाना जातींतून आलेले भिक्खू बुद्धवचन आपापल्या बोलीत उच्चारून ते बिघडवितात. तेव्हा ते छंदोबद्ध अभिजात भाषेत बांधून ठेवण्याची अनुज्ञा मिळावी. भगवंतांनी ही विनंती अमान्य केली, तसे करणे हा दोष ठरविला आणि बुद्धवचन ‘स्वतःच्या निरुक्तीत’ शिकण्याची अनुज्ञा दिली. आचार्य बुद्धघोषांनी या शब्दाचा अर्थ बुद्धांची स्वतःची मागधी भाषा असा लावला. अनेक आधुनिक अभ्यासक मात्र ज्याची त्याची बोली असाच अर्थ घेतात. अर्थ कोणताही घेतला तरी एक गोष्ट निर्विवाद राहते. मूठभरांनाच अवगत असलेल्या भाषेच्या कोंडवाड्यात धम्म बंद करण्यास नकार देण्यात आला.

या नकाराचे फळ मावळच्या डोंगरात आजही कोरलेले दिसते. मावळ तालुक्यातील उर्से हे गाव आता मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावरील पथकर नाक्यामुळे आणि आसपासच्या कारखान्यांमुळे ओळखले जाते. पण ज्या मुलखात ते वसले आहे, त्याचे नाव सातवाहन काळातील कार्ल्याच्या लेखांत ‘मामाल’ असे येते. कार्ले, भाजे व बेडसे येथील दानलेख संस्कृतात नाहीत, तर ब्राह्मी लिपीतील प्राकृतात आहेत. दान देणारे होते व्यापारी, कारागीर, भिक्खू, भिक्खुणी आणि यवनदेखील. कार्ल्याचे चैत्यगृह पूर्णत्वास नेल्याची नोंद करणारा भूतपाल श्रेष्ठी वैजयंतीचा, म्हणजे आजच्या उत्तर कन्नड जिल्ह्यातील बनवासीचा. आज ज्या दोन राज्यांत भाषेचा वाद आहे, त्या दोन्ही प्रदेशांतील माणसे दोन सहस्र वर्षांपूर्वी लोकांना कळेल अशा भाषेत एकाच शैलगृहात आपले दान नोंदवीत होती.

पुढील काळात हे चित्र पालटले. ज्ञानाची भाषा आणि लोकांची भाषा यांच्यात भिंत उभी राहिली व त्या भिंतीच्या दारावर जातीचा पहारा बसला. आधुनिक काळातही हा पहारा उठला नव्हता. बाबासाहेबांना शाळेत संस्कृत शिकावयाचे होते. अस्पृश्य म्हणून ते नाकारले गेले आणि त्यांना पर्शियन घ्यावी लागली. त्याही आधी, १८५६ साली, धारवाडच्या सरकारी शाळेत एका महार मुलाला प्रवेश नाकारण्यात आला आणि मुंबई सरकारने सवर्णांच्या विरोधापुढे त्याची दाद घेतली नाही. पुढे १८५८ मध्ये सरकारी शाळा सर्व वर्गांस खुल्या असल्याचे तत्त्व कंपनीच्या संचालकांनी स्पष्ट केले. अर्थात, आपल्या समाजाच्या वाट्याला प्रथम आली ती शाळेचीच बंदी. भाषेचा प्रश्न त्यानंतरचा. बेळगाव-धारवाडचा हा प्रदेश आंबेडकरी चळवळीलाही परका नाही. बाबासाहेबांनी एप्रिल १९२५ मध्ये बेळगाव जिल्ह्यातील निपाणी येथे अस्पृश्यांच्या प्रांतिक परिषदेचे अध्यक्षस्थान भूषविले होते.

१ नोव्हेंबर १९५६ रोजी राज्यांची पुनर्रचना झाली आणि बेळगाव, खानापूर, निपाणी, कारवार हा मुलूख म्हैसूर राज्यात गेला. त्याच वर्षी सातव्या घटनादुरुस्तीने संविधानात अनुच्छेद ३५०-क आला. भाषिक अल्पसंख्य समाजाच्या मुलांना प्राथमिक स्तरावर मातृभाषेतून शिक्षणाच्या पुरेशा सोयी मिळाव्यात यासाठी राज्याने प्रयत्न करावा, असा त्याचा आशय. ‘प्रयत्न करावा’ या शब्दांतच त्याचे बळही आहे आणि दुबळेपणाही.

हा दुबळेपणा १९८० नंतर उघड झाला. त्याचा आरंभ मराठीवरून झाला नव्हता, ही बाब ध्यानात घेण्यासारखी आहे. कर्नाटकात संस्कृत ही प्रथम भाषा म्हणून घेऊन कन्नड न शिकताच विद्यार्थी शाळेबाहेर पडत होते. या प्रश्नाचा विचार करण्यासाठी वि. कृ. गोकाक यांच्या अध्यक्षतेखाली समिती नेमण्यात आली. १९८१ मध्ये आलेल्या तिच्या अहवालाने माध्यमिक शाळांत कन्नड हीच एकमेव प्रथम भाषा असावी अशी शिफारस केली. १९८२ मध्ये मोठे आंदोलन झाले आणि त्याच वर्षी शासनाने तसा आदेश काढला. लोकभाषेला संस्कृतच्या वर्चस्वातून सोडविण्याची कन्नड जनतेची मागणी न्याय्यच होती. परंतु त्या आदेशाचा भार मराठी, उर्दू, तामीळ, तेलुगू बोलणाऱ्या मुलांवरही पडला. जी भाषा स्वतःसाठी न्याय मागत होती, तीच दुसऱ्याच्या दारात सक्ती बनून उभी राहिली. जून १९८६ मध्ये बेळगाव परिसरात कन्नडसक्तीविरुद्ध आंदोलन पेटले व पोलिसांच्या गोळीबारात आंदोलकांचे प्राण गेले. हिंडलगा येथील स्मारकावर त्यांना दरवर्षी १ जूनला अभिवादन केले जाते.

न्यायालयीन लढाही समांतर चालू होता. १९८९ मध्ये कर्नाटक उच्च न्यायालयाच्या पूर्ण पीठाने एकमेव प्रथम भाषेची सक्ती अवैध ठरविली. त्यानंतर १९ जून १९८९ च्या आदेशात प्राथमिक स्तरावर मातृभाषेला स्थान देण्यात आले आणि डिसेंबर १९९३ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तो आदेश ग्राह्य मानला. १९९४ च्या आदेशाने पहिली ते चौथीचे माध्यम मातृभाषा किंवा कन्नड असेच असावे, असे ठरविले. ६ मे २०१४ रोजी मात्र सर्वोच्च न्यायालयाच्या पाच न्यायमूर्तींच्या पीठाने निर्णय दिला की, शासन मातृभाषेचे माध्यमही सक्तीने लादू शकत नाही. मुलाची मातृभाषा कोणती हे पालक ठरवितील आणि माध्यमाची निवडही त्यांचीच राहील.

हे स्वातंत्र्य स्वागतार्ह आहे. पण ते कोणाच्या हाती येते? ज्याच्यापाशी पैसा आहे तो हवे ते माध्यम विकत घेईल. शेतमजुराच्या, सफाई कामगाराच्या मुलाला मात्र गावातली शासकीय शाळा हीच एक शाळा असते. तेथे मराठी शिक्षक नेमला गेला नाही, वर्ग बंद झाला, तर निवडीचा अधिकार कागदावर शाबूत राहतो आणि मुलगा अक्षरओळखीच्या पायरीवरच अडखळतो. सीमाभागातील मराठी भाषिक दलित मुलाच्या वाट्याला अशा वेळी दुहेरी अल्पसंख्यत्व येते : राज्यात भाषेने आणि स्वभाषिकांत जातीने. बाबासाहेबांनी १९५५ साली भाषिक राज्यांविषयी लिहिताना याच धोक्याकडे लक्ष वेधले होते. एका भाषेच्या राज्यात बहुसंख्य जातीची सत्ता दृढ होईल आणि लहान समाज तिच्या दयेवर जगतील, अशी त्यांची चिंता होती. राज्यकारभाराची भाषा हिंदी असावी हा त्यांनी सुचविलेला उपाय स्वीकारला गेला नाही. धोका मात्र तसाच राहिला.

येथे आपण स्वतःलाही प्रश्न विचारला पाहिजे. उर्से-तळेगावच्या कारखान्यांत परप्रांतांतून आलेल्या कामगारांची मुले कोणत्या भाषेत पहिले अक्षर गिरवितात? जत, अक्कलकोट या तालुक्यांतील कन्नड शाळांना आपण पुरेसे शिक्षक देतो काय? कर्नाटकाने २०१५ साली कन्नड शिकणे अनिवार्य करणारा कायदा केला, तर महाराष्ट्राने २०२० साली मराठीसाठी तसाच कायदा केला. राज्याची भाषा सर्वांनी शिकावी यात अन्याय नाही. सर्वोच्च न्यायालयानेही २००४ मध्ये महाराष्ट्रातील मराठीची अनिवार्यता मान्य केली होती. अन्याय घडतो तो राज्याची भाषा मुलाच्या भाषेशेजारी न बसता तिच्या जागी बसते तेव्हा. २०२५ च्या एप्रिलमध्ये पहिलीपासून हिंदीचा आदेश निघाला, तेव्हा महाराष्ट्राने हेच अनुभवले. प्रखर विरोधानंतर २९ जून २०२५ रोजी हा आदेश व त्यानंतरचा सुधारित आदेश, दोन्ही मागे घ्यावे लागले. जे दुःख आपल्या मुलासाठी आपल्याला कळते, ते शेजाऱ्याच्या मुलासाठीही कळणे, यालाच करुणा म्हणतात.

३ ऑक्टोबर २०२४ रोजी मराठी, पाली आणि प्राकृत यांना अभिजात भाषेचा दर्जा मिळाला. हा गौरव आनंदाचा आहे. परंतु भाषेची प्रतिष्ठा सन्मानपत्रावर ठरत नाही. ती ठरते खेड्यातल्या पहिलीच्या वर्गावर. शिक्षणहक्काच्या २००९ च्या कायद्याने मातृभाषेतील शिक्षणाला ‘शक्य असेल तेथवर’ अशी मर्यादा घातली आहे. ही शक्यता वाढविणे विहारांच्या आणि संस्थांच्या हाती पुष्कळ आहे. आपल्या गावच्या शाळेत किती भाषांची मुले येतात याची नोंद विहाराने ठेवावी, मराठी वर्ग बंद होत असेल तर शिक्षणाधिकाऱ्यांकडे लेखी दाद मागावी, परभाषिक कामगारांच्या मुलांसाठी सायंकाळचा अभ्यासवर्ग चालवावा. कार्ल्याच्या दात्यांनी लोकांच्या भाषेत आपले दान शिळेवर कोरले. तोच वारसा मुलांच्या पाटीवर उमटविणे, हे आजचे दान होय.