केबल, पाइप आणि थोडीशी हवा

मागच्या शनिवारी आमच्या गल्लीत खोदकाम चालू होतं. विजेच्या केबलसाठी प्लास्टिकचे पाइप टाकत होते. डोक्यात किडा वळवळला... प्लास्टिक उष्णता अडवतं, मग आतली केबल भाजून नाही का निघणार? झालं, रविवार वाचनात गेला.

सुरुवात एडिसनपासून. १८८२ साली न्यूयॉर्कच्या पर्ल स्ट्रीट केंद्रातून वीज निघाली ती लोखंडी नळ्यांतून. आत तांब्याच्या कांबी आणि मोकळ्या जागेत डांबरासारखं मिश्रण. हेतू इन्सुलेशनचा, पण त्यामुळे आत हवा उरली नाही!

पुढे नळीतून ओढून घ्यायच्या केबल आल्या. बिघडली की रस्ता न खोदता बदलता येते, ही मोठी सोय. नळ्या कधी भाजलेल्या मातीच्या, कधी अ‍ॅस्बेस्टॉस सिमेंटच्या, नंतर पीव्हीसीच्या. पण केबल सरकायला जागा हवी, आणि त्या जागेत हवा शिरली.

उष्णतेचं गणित १८९३ मध्ये केनेलीने मांडलं, १९५७ मध्ये नेहर आणि मॅकग्रा यांनी ते पूर्णत्वाला नेलं. कल्पना सोपी: प्रत्येक थर म्हणजे एकामागे एक जोडलेला रेझिस्टर. मी आकडे घालून बघितले. ५० मिमीची केबल, १०० मिमी आतल्या व्यासाचा, ५ मिमी जाडीचा पीव्हीसी पाइप, खोली १ मीटर. केबलच्या दर मीटरमधून बाहेर पडणाऱ्या प्रत्येक वॅटमागे पाइपच्या भिंतीत तापमान ०.०९ अंश पडतं, हवेत साधारण ०.५४, ओलसर मातीत ०.५७. माती सुकली तर १.७!

म्हणजे मी उगाच प्लास्टिकला शिव्या देत होतो. खरे व्हिलन हवा आणि कोरडी माती. म्हणूनच काही ठिकाणी केबल ओढून झाल्यावर नळीत बेंटोनाइटचा चिखल भरतात.

हे नुसतं कागदी नाही बरं का. १९९८ च्या जानेवारी-फेब्रुवारीत न्यूझीलंडमधल्या ऑकलंडच्या मध्यवस्तीला वीज देणाऱ्या चारही मुख्य केबल एकापाठोपाठ गेल्या. त्या थेट जमिनीत पुरलेल्या होत्या, नळीचा प्रश्नच नव्हता. कारणं बरीच निघाली. त्यातलं एक म्हणजे भोवतालचा भराव गृहीत धरल्याइतकी उष्णता सोडत नव्हता. शहराचा मध्यभाग सुमारे पाच आठवडे विजेसाठी तडफडला.

आपणही कोडमध्ये अशीच गृहीतकं लिहितो आणि विसरतो, नाही का?

असो. सोमवारी ऑफिसला जाताना पाहिलं, खड्डा बुजवला होता. वरून डबर आणि सुकी माती!