फ्यूजन सिस्टिम म्हणजे काय? काडेपेटी, पिरॅमिड आणि फुटबॉल यांच्या नात्याचे गणित

काडेपेटी, चार त्रिकोणी बाजूंचा पिरॅमिड आणि फुटबॉल या तिघांपैकी कोणत्या दोघांचे नाते जवळचे? २ या संख्येच्या चष्म्यातून पाहणाऱ्या गणितज्ञाचे उत्तर ठरलेले आहे : पिरॅमिड आणि फुटबॉल. त्या चष्म्यातून हे दोघे वेगळे ओळखूच येत नाहीत. हे नाते नेमके कशावर ठरते, याचा शोध बीजगणित आणि टोपॉलॉजी या दोन शाखांनी मिळून घेतला. त्यातून पुढे आलेली संकल्पना म्हणजे फ्यूजन सिस्टिम.

गट म्हणजे काय?

एखादी वस्तू अशी फिरवायची की फिरवल्यावर ती जशीच्या तशी दिसली पाहिजे. अशा सगळ्या फिरवण्यांचा मिळून त्या वस्तूचा ‘गट’ म्हणजे ग्रुप बनतो. अजिबात न फिरवणे हाही त्याचा एक सदस्य असतो.

छापील चित्र नसलेल्या कोऱ्या काडेपेटीच्या गटात ४ सदस्य आहेत : न फिरवणे, आणि लांबी, रुंदी व उंची या तीन अक्षांभोवती प्रत्येकी अर्धा फेरा. चारही बाजू समभुज त्रिकोण असलेल्या पिरॅमिडच्या गटात १२ सदस्य आहेत. १२ पंचकोन आणि २० षटकोन जोडून शिवलेल्या फुटबॉलच्या गटात ६० आहेत.

नॉर्वेचे गणितज्ञ लुडविग सिलो यांनी १८७२ मध्ये एक महत्त्वाचे प्रमेय मांडले. गटाच्या सदस्यसंख्येला एखाद्या मूळ संख्येचा जो सर्वांत मोठा घात भागतो, तेवढ्या सदस्यांचा एक उपगट त्या गटात असतोच. त्याला सिलो उपगट म्हणतात. ४, १२ आणि ६० या तिन्ही संख्यांना भागणारा २ चा सर्वांत मोठा घात ४ आहे. त्यामुळे तिन्ही गटांत ४ सदस्यांचा उपगट सापडतो. तिन्हीकडे त्याची घडणही एकच आहे : न फिरवणे, आणि एकमेकांना काटकोनात असलेल्या तीन अक्षांभोवती अर्धे फेरे.

मग फरक कुठे आहे?

फरक आहे तो या उपगटाभोवतीच्या मोठ्या गटाच्या वागणुकीत. काडेपेटी नियमात राहून कशीही फिरवा, तिचा लांबीचा अक्ष रुंदीच्या जागी कधीच येत नाही. तीन अर्धे फेरे तीन वेगळ्या गोष्टीच राहतात. पिरॅमिड मात्र एका टोकाभोवती एक तृतीयांश फिरवला की पहिला अक्ष दुसऱ्याच्या, दुसरा तिसऱ्याच्या आणि तिसरा पहिल्याच्या जागी जातो. म्हणजे मोठ्या गटाच्या नजरेत तीनही अर्धे फेरे एकच होतात. फुटबॉलमध्येही नेमके हेच घडते.

या एकरूप होण्यालाच ‘फ्यूजन’ म्हणतात. अणुऊर्जेतल्या फ्यूजनशी त्याचा काही संबंध नाही. सिलो उपगटातले कोणते सदस्य आणि कोणते छोटे उपगट मोठ्या गटामुळे एकमेकांच्या जागी जातात, आणि कशा रीतीने जातात, याची संपूर्ण नोंद म्हणजे त्या मूळ संख्येपुरती फ्यूजन सिस्टिम. फ्यूजनचा विचार एकोणिसाव्या शतकापासून होत आला आहे. त्याला गटापासून स्वतंत्र अशी चौकट लुइस पुइग यांनी १९९० च्या दशकात दिली.

क्लासिफाइंग स्पेस काय असते?

टोपॉलॉजीत प्रत्येक गटासाठी एक अवकाश रचता येतो. त्याला क्लासिफाइंग स्पेस म्हणतात. या अवकाशात एका बिंदूपासून निघून तिथेच परत येणारे मूलतः वेगळे असे जितके मार्ग असतात, तितकेच गटाचे सदस्य असतात. अर्धा फेरा दोनदा घेतला की वस्तू मूळ स्थितीत येते. त्याचप्रमाणे त्या सदस्याचा मार्ग दोनदा चालून गेले की तो आक्रसत आक्रसत एका बिंदूत मिटवता येतो. गट कितीही छोटा असला तरी हा अवकाश मात्र साधा नसतो. दोन सदस्यांच्या गटालाही अनंत मितींचा अवकाश लागतो.

या अवकाशातली एकाच मूळ संख्येशी संबंधित माहिती ठेवून बाकीची गाळण्याची पद्धत आहे. तिला कम्प्लिशन म्हणतात. सुरुवातीला उल्लेख केलेला चष्मा तो हाच.

चष्म्यातून नेमके काय दिसते?

जॉन मार्टिनो आणि स्ट्यूअर्ट प्रिडी यांनी १९९६ मध्ये या प्रश्नाचे उत्तर अटकळ म्हणून मांडले. एका मूळ संख्येच्या चष्म्यातून दोन गटांचे अवकाश सारखे दिसतात, ते त्यांची फ्यूजन सिस्टिम सारखी असेल तेव्हाच. आणि ती सारखी असेल तर अवकाश सारखे दिसतातच. यातला पहिला भाग त्यांनी सिद्ध केला. अवघड असलेला दुसरा भाग बॉब ऑलिव्हर यांनी सिद्ध केला : विषम मूळ संख्यांसाठी २००४ मध्ये आणि २ साठी २००६ मध्ये.

म्हणूनच २ च्या चष्म्यातून १२ सदस्यांचा पिरॅमिड आणि ६० सदस्यांचा फुटबॉल सारखे दिसतात, तर तोच ४ सदस्यांचा उपगट असूनही काडेपेटी वेगळी पडते. ३ किंवा ५ चा चष्मा लावला, तर मात्र पिरॅमिड आणि फुटबॉलमधला फरकही लगेच दिसतो.

ऑलिव्हर यांची सिद्धता सांत सरल गटांच्या वर्गीकरणावर उभी होती. ते वर्गीकरण अनेक गणितज्ञांच्या हजारो पानांत विखुरलेले आहे. पुढे अँड्र्यू चर्मॅक यांच्या कामानंतर जॉर्ज ग्लॉबरमन आणि जस्टिन लिंड यांनी २०१६ मध्ये हे अवलंबित्व दूर केले.

गट नाही, तरी नोंद आहे

फ्यूजनचे सगळे नियम पाळणारी प्रत्येक नोंद कुठल्या तरी सांत गटातूनच येते का? उत्तर ‘नाही’ असे आहे. रोनाल्ड सॉलोमन १९७४ मध्ये विशिष्ट प्रकारच्या गटांचा शोध घेत होते. एका शक्यतेत २ पुरते सगळे हिशेब जुळत होते, पण इतर मूळ संख्यांच्या बाजूने विसंगती आली आणि तसा गट असूच शकत नाही हे ठरले. पुढे २००२ मध्ये रॅन लेव्ही आणि ऑलिव्हर यांनी दाखवले की गट नसला तरी त्याची फ्यूजन सिस्टिम खरोखर अस्तित्वात आहे. अशा सिस्टिमना ‘एक्झॉटिक’ म्हणतात. ७ या मूळ संख्येसाठी, ३४३ सदस्यांच्या एका उपगटावर अशा तीन सिस्टिम अल्बर्ट रुइझ आणि अँटोनियो विरुएल यांना सापडल्या.

मग जो गटच नाही, त्याचा अवकाश कुठून आणायचा? चर्मॅक यांनी २०१३ मध्ये सिद्ध केले की नियम पाळणाऱ्या प्रत्येक फ्यूजन सिस्टिमला आपला क्लासिफाइंग स्पेस असतो, आणि तो एकच असतो. म्हणजे या अवकाशाला मुळात गटाची गरजच नाही. फ्यूजनची नोंद पुरते. विषम मूळ संख्यांसाठी एक्झॉटिक सिस्टिम अनेक सापडल्या आहेत. २ साठी मात्र, सरल म्हणाव्यात अशांपैकी, सॉलोमन यांच्या कामातून निघालेले एकच कुटुंब माहीत आहे. त्यापलीकडे आणखी काही आहे का, हा प्रश्न अजून खुला आहे.