नांदेड-लातूरमधील कूळ, किरायेदार आणि नवा मालक

जमीन किंवा घर विकले गेले की आत असलेल्याने गाशा गुंडाळायचा, ही रीत नांदेड-लातूर भागात कायद्याने मोडली ती आधी शेतात आणि मग घरादुकानांत. दोन्ही कायदे हैदराबाद राज्याचे, अवघ्या चार वर्षांच्या अंतराने झालेले. तरी कुळाच्या आणि किरायेदाराच्या पदरात त्यांनी सारखे माप टाकले नाही.

निजामी राजवटीत नांदेड हा जिल्हा होता. लातूर १९८२ पर्यंत उस्मानाबाद जिल्ह्यातच राहिले. जहागिरी, इनामे आणि निजामाची खासगी सर्फेखास यांत बरीच जमीन अडकलेली होती. तोंडी बोलीवर कसणाऱ्या शिकमीदाराला १९४५ च्या असामी शिकमी कायद्याने थोडा आधार दिला, पण तो कागदावरचाच जास्त. सप्टेंबर १९४८ मध्ये संस्थान भारतात आले. पुढच्याच वर्षी सर्फेखास सरकारजमा झाली आणि ऑगस्टमध्ये जहागिरी संपल्या. मालकी हस्तांतराचा एवढा मोठा प्रसंग या भागात दुसरा झालेला नाही. धनी गेले, कसणारा मात्र जागेवर होता; त्याचा हक्क कशावर टिकवायचा हा प्रश्न उभा राहिला.

१० जून १९५० पासून लागू झालेल्या हैदराबाद कुळवहिवाट व शेतजमीन कायद्याने त्याचे उत्तर दिले. ठरावीक कालखंडांत सलग सहा वर्षे जमीन कसणारा ‘संरक्षित कूळ’ ठरला. त्याचा हक्क वारसांकडे जाऊ लागला. त्याहून महत्त्वाचे म्हणजे, जमीनधारकाला जमीन विकायची असेल तर त्याने आधी कुळाला लेखी कळवून त्याच्यापुढेच प्रस्ताव ठेवायचा. किमतीवर एकमत झाले नाही तर ती न्यायाधिकरणाने ठरवायची. पुढे अधिसूचना काढून संरक्षित कुळांना थेट मालक ठरवण्याची तरतूदही झाली. म्हणूनच १९५४ च्या खासरा पाहणी पत्रकातील कुळाची एक नोंद मराठवाड्यातल्या जमिनीच्या वादात आजही बाहेर काढली जाते.

पळवाट होतीच. कुळाने ‘राजीखुशीने’ ताबा सोडल्याचे लिहून दिले की संरक्षण संपे. ए. एम. खुस्रो यांनी हैदराबादच्या जमीनसुधारणांवर केलेल्या अभ्यासात (१९५८) अशा स्वखुशीच्या राजीनाम्यांचे प्रमाण मोठे आढळले. त्यांतली खुशी कितपत खरी होती, हा प्रश्न त्या अभ्यासानंतर टाळता येण्याजोगा राहिला नाही.

गावठाणाबाहेरची ही गोष्ट. बाजारात चित्र निराळे होते. सोळा रस्ते जिथे येऊन मिळतात ती लातूरची गंजगोलाई १९१७ ची, नगररचनाकार फैयाजुद्दीन यांनी आखलेली. अशा पेठांत दुकानाची जागा हीच दुकानदाराची पत असते. गिऱ्हाईक पत्त्यावर येते, त्यामुळे जागा गेली की धंदाच गेला.

१९५४ च्या हैदराबाद घरे (भाडे, निष्कासन व पट्टा) नियंत्रण कायद्याने घर आणि दुकान दोहोंना संरक्षण दिले. भाडे घेण्याचा हक्क ज्याच्याकडे आला तो घरमालक, अशी मालकाची व्याख्या सैल होती. त्यामुळे खरेदीदार आपोआप जुन्या मालकाच्या जागी येई आणि किरायेदार होता तिथेच राही. बाहेर काढायचे तर थकबाकी, पोटभाडेकरू, नासधूस, स्वतःची गरज यांपैकी कारण नियंत्रकापुढे सिद्ध करावे लागे. किरायेदाराला मात्र एक जपावे लागे: नव्या मालकाची मालकी खोट्या हेतूने नाकारणे हेही निष्कासनाचे कारण होते. ‘मी तुम्हाला ओळखत नाही’ असे रागाने म्हणणे महागात पडू शकत होते. आणि कुळाला मिळालेला पहिल्या खरेदीचा हक्क किरायेदाराला मिळाला नाही. त्याला राहता आले, घेता आले नाही.

हा कायदा महाराष्ट्र झाल्यावरही चाळीस वर्षे टिकला. मुंबईकडे १९४७ चा कायदा, विदर्भात १९४९ चा आदेश आणि मराठवाड्यात हैदराबादचा, अशी तीन मापे एकाच राज्यात चालत होती. महाराष्ट्र भाडे नियंत्रण कायदा, १९९९ हा ३१ मार्च २००० पासून लागू झाला आणि तिन्ही रद्द झाली. मालकाकडून हक्क मिळवणारा तोही मालक, हे तत्त्व त्यात कायम आहे. भाडेकरार लेखी आणि नोंदणीकृत करण्याची जबाबदारी मालकावर आली. त्याने ती टाळली तर अटींबाबत भाडेकरूचे म्हणणे, उलट सिद्ध होईपर्यंत, ग्राह्य धरले जाते.

मधल्या काळातील भाड्याचा हिशेब मालमत्ता हस्तांतरण कायद्याच्या कलम १०९ मध्ये आहे. विक्रीची कल्पना नसताना जुन्या मालकाला दिलेले भाडे नव्याला पुन्हा द्यावे लागत नाही. विक्रीपूर्वीची थकबाकीही, तसे ठरले नसेल तर, नव्या मालकाला मागता येत नाही.

हे सारे भाडेकरूसाठी. परीक्षांच्या तयारीच्या ‘लातूर पॅटर्न’मुळे शिकायला येणाऱ्या मुलांच्या खोल्या, नांदेडच्या शिकवणी वर्गांजवळचे फ्लॅट यांसारख्या जागा अकरा महिन्यांच्या लीव्ह अँड लायसन्सवर दिल्या, तर तिथे राहणारा कायद्याने भाडेकरू नसून परवानाधारक ठरतो. सुविधाधिकार कायद्याच्या कलम ५९ नुसार परवाना देणाऱ्याने जागा विकली तर खरेदीदार त्या परवान्याने बांधला जात नाही. मुदत उरलेली असली तरी नव्या मालकाशी नवा करार करावा लागतो, आणि अनामत रक्कम ज्याने घेतली त्याच्याकडेच मागावी लागते.