अवघड शब्दांची वही: कॉड्री ते जॉन्सन

जुनी इंग्रजी कादंबरी वाचताना अडलेले शब्द वहीत उतरवायचे आणि समोरचे अर्थ पाठ करायचे, ही पद्धत चारशे वर्षांची आहे. १६०४ साली रॉबर्ट कॉड्री या शाळामास्तराने लंडनमध्ये इंग्रजीतला पहिला एकभाषिक कोश छापला. सुमारे २,५०० अवघड शब्द, बहुतेक लॅटिन, ग्रीक, फ्रेंचमधून आलेले, आणि समोर एक-दोन शब्दांत अर्थ.

सॅम्युएल जॉन्सनचा १७५५ चा कोश वेगळा आहे. शेक्सपिअर, मिल्टन, ड्रायडन वाचताना तो शब्दाला शिसपेन्सिलीने खूण करी आणि लेखनिक ते वाक्य उतरवून घेत. (यांतली बरीच पुस्तके उसनी होती. मालकांचे काय झाले असेल, कल्पना करा!) सुमारे ४२,००० शब्द आणि लाखाहून अधिक अवतरणे त्यात आहेत.

अवतरणे कशाला, हे एका शब्दावरून पाहा. ‘कॉन्डिसेन्शन’चा जॉन्सनने दिलेला अर्थ आहे, थोरपण बाजूला ठेवून स्वखुशीने खाली येणे. जेन ऑस्टेनच्या ‘प्राइड अँड प्रेज्युडिस’मध्ये (१८१३) मिस्टर कॉलिन्स लेडी कॅथरीनच्या याच गुणाची तोंड भरून स्तुती करतो. आज त्याच शब्दात तुच्छता आहे. मोबाइलवरचा पहिला अर्थ घेतलात तर कॉलिन्स तक्रार करतोय असे वाटेल आणि ऑस्टेनने त्याच्या लाचारीची उडवलेली टर तुमच्या हातून निसटेल.

तेव्हा वहीत शब्दासमोर आधी ते पूर्ण वाक्य आणि पुस्तकाचे साल लिहा. अर्थाची जागा मोकळी ठेवा. तोच शब्द दुसऱ्या पुस्तकात भेटला की भरा.