ऊन आणि पाणी : सवय की सोय?

‘रोज थोडे ऊन अंगावर घ्या आणि भरपूर पाणी प्या’ हा आरोग्यविषयक उपदेशांतला सर्वांत स्वस्त उपदेश. त्याला पैसा लागत नाही, वैद्य लागत नाही. लागते ती फक्त सवय, असे आपण मानतो. या उपदेशाचा उगम शोधू लागलो तेव्हा माझ्या हाती दोन वेगवेगळ्या कहाण्या लागल्या. उन्हाची कहाणी काटेकोर संशोधनाची आहे, पाण्याची बरीचशी गैरसमजाची. पण पुढे दोन्ही एकाच प्रश्नाशी येऊन थांबतात.

आधी ऊन. एकोणिसाव्या शतकात युरोपातल्या धुराने काळवंडलेल्या औद्योगिक शहरांत लहान मुलांना मुडदूस मोठ्या प्रमाणावर होई. हाडे मऊ पडत, पाय धनुष्यासारखे वाकत. जपानमध्ये मिशनरी डॉक्टर म्हणून काम केलेल्या थिओबाल्ड पाम यांना तिथे हा रोग क्वचितच दिसला होता. त्यांनी निरनिराळ्या देशांतल्या डॉक्टरांकडून पत्रांद्वारे माहिती गोळा केली आणि 1890 मध्ये निष्कर्ष मांडला : जिथे ऊन कमी, तिथे मुडदूस जास्त. त्या वेळी त्याकडे फारसे कोणी लक्ष दिले नाही. 1919 मध्ये बर्लिनच्या कुर्ट हुल्डशिन्स्की यांनी आजारी मुलांवर अतिनील किरणांच्या दिव्याचा प्रयोग केला आणि त्यांची हाडे भरून येताना क्ष-किरणांच्या छायाचित्रांत दिसली. त्याच वर्षी इंग्लंडमध्ये एडवर्ड मेलनबी यांनी कुत्र्यांवर प्रयोग करून दाखवले की कॉड माशाच्या यकृताच्या तेलानेही मुडदूस टळतो. मग खरे कारण कोणते, अन्न की ऊन? या वादात विद्वानांचे दोन तट पडले.

या वादातला एक महत्त्वाचा पुरावा आपल्या नाशिकमधून गेला, हे फारसे कोणाला ठाऊक नाही. हचिसन आणि शहा या दोन डॉक्टरांनी नाशिक परिसरातल्या मुडदुशीचा अभ्यास करून 1922 मध्ये तो इंग्लंडच्या ‘क्वार्टर्ली जर्नल ऑफ मेडिसिन’मध्ये प्रसिद्ध केला. नाशिकला उन्हाचा तोटा नाही. तरीही तिथे मुडदूस होता, आणि तो अपेक्षेच्या अगदी उलट घरांत होता. शेतावर, रस्त्यावर राबणाऱ्या गरिबांचे अन्न निकृष्ट, पण त्यांच्या मुलांत हा रोग विरळा. ज्या सुस्थित घरांत पडदा पाळला जाई, आई माजघराबाहेर पडत नसे आणि तान्हे मूलही तिच्यासोबत अंधारातच वाढे, तिथे दूधदुभते असूनही मुलांची हाडे मऊ पडत. मोठ्या वयातल्या स्त्रियांनाही तसाच विकार जडे. बाळंतपणात अशा स्त्रीचे वाकलेले कटिबंधाचे हाड जिवावर बेतू शकते, हे लक्षात घेतले म्हणजे माजघरातल्या अंधाराची किंमत कळते.

पुढे 1924 च्या सुमारास अमेरिकेत स्टीनबॉक आणि हेस यांनी स्वतंत्रपणे दाखवले की अतिनील किरण अन्नावर पाडले तरी त्यात मुडदूस रोखणारा गुण उतरतो. म्हणजे अन्न आणि ऊन हे दोन्ही पक्ष खरे होते. त्वचेत उन्हाने तयार होणारे ते द्रव्य म्हणजेच ‘ड’ जीवनसत्त्व. त्याच्या कुळातल्या रसायनांवरील कामासाठी आडोल्फ विंडाउस यांना 1928 चे नोबेल मिळाले. या विज्ञानाचे दोन व्यावहारिक धडे मात्र आपण अजून नीट घेतलेले नाहीत. खिडकीच्या काचेतून येणारे ऊन डोळ्यांना सुखावते, पण हाडांच्या कामी येत नाही, कारण नेमके उपयोगी किरण काच अडवते. आणि सूर्य अगदी क्षितिजालगत असतानाच्या उन्हात हे किरण फार थोडे असतात. पहाटेचा प्रकाश झोपेचे घड्याळ लावायला चांगला. ‘ड’ जीवनसत्त्वासाठी सूर्य थोडा वर यावा लागतो.

उन्हाचा प्रश्न घराच्या बांधणीचा आहे, हे मुंबईला त्याआधीच कळले होते. 1896 च्या प्लेगनंतर 1898 मध्ये स्थापन झालेल्या सिटी इम्प्रूव्हमेंट ट्रस्टचे जे. पी. ऑर यांनी 1912 मध्ये शहरातल्या घरांतल्या उजेड-वाऱ्यावर व्याख्यान दिले. त्यात साडेत्रेसष्ट अंशांच्या कोनाचा नियम होता. साध्या भाषेत सांगायचे तर समोरच्या इमारतीची जेवढी उंची, तिच्या निम्मे तरी अंतर मध्ये मोकळे हवे, म्हणजे खालच्या खोलीलाही आकाश दिसेल. ट्रस्टने अंधाऱ्या वस्त्या पाडल्या. पण तिथून उठलेल्या सगळ्यांना उजेडाची नवी खोली मिळाली नाही. ते दुसऱ्या दाटीत गेले.

आता पाणी. दिवसाला आठ ग्लास हा आकडा सर्वत्र ऐकू येतो. त्याचे मूळ 1945 च्या एका अमेरिकी आहारविषयक शिफारशीत असावे, असा अनेकांचा कयास आहे. तिथे प्रौढ माणसाला दिवसाला सुमारे अडीच लिटर पाणी पुरेसे म्हटले होते, आणि लगेच पुढे जोडले होते की यातले बहुतेक पाणी अन्नातूनच मिळते. लोकांनी आकडा उचलला आणि पुढचे वाक्य गाळले. 2002 मध्ये हाइन्झ व्हॉल्टिन या मूत्रपिंडतज्ज्ञाने आठ ग्लासांच्या नियमाला शास्त्रीय आधार शोधला. समशीतोष्ण हवेत राहणाऱ्या, फार श्रम न करणाऱ्या निरोगी माणसासाठी तो त्यांना सापडला नाही. आपल्या ‘अष्टांगहृदया’त तर वाग्भटाने निरोगी माणसानेही शरद आणि ग्रीष्म ऋतू वगळता पाणी बेतानेच प्यावे, असे सांगितले आहे. शरीराची यंत्रणाही सूक्ष्म आहे. रक्ताची संहतता शेकडा एक-दोन इतकी वाढली तरी तहान लागते आणि मूत्रपिंड पाणी राखू लागते. वरण, ताक, फळे, भाजी यांतले पाणीही हिशेबात असते.

मग पाण्याचा आग्रह सोडून द्यायचा का? नाही. व्हॉल्टिन यांनी उष्ण हवा आणि कष्टाचे काम स्पष्टपणे वगळले होते. विदर्भ-मराठवाड्यातला वैशाख आणि उन्हात राबणारे अंग त्या अपवादातच मोडते. कमी पाण्याने मुतखड्याचा आणि मूत्रमार्गाच्या जंतुसंसर्गाचा धोका वाढतो. पण आपल्याकडे तहान न कळल्यामुळे पाणी कमी पडते, असे मला वाटत नाही. आमच्या घरातल्या बायका एसटीचा लांबचा प्रवास असला की आदल्या संध्याकाळपासूनच पाणी कमी करीत. विचारले तर ‘वाटेत कुठे जायचं?’ एवढेच म्हणत. शेतमजूर बाई, बाजारात दिवसभर बसणारी भाजीवाली, गैरसोयीच्या शाळेतली मुलगी यांना तहान लागते. त्या ती मारतात. मुंबईत 2011 पासून ‘राइट टू पी’ या मोहिमेने हेच मांडले : पुरुषांना मुतारी फुकट, बायकांना मात्र पैसे, आणि बऱ्याच ठिकाणी सोयच नाही.

नाशिकच्या त्या पडदानशीन आईला कोणी ऊन घ्या म्हणून सांगितले असते, तर ती कुठे उभी राहिली असती? तिच्या रोगाचे औषध अंगणात होते आणि अंगण तिच्यासाठी बंद होते. आज पडदा बऱ्याच घरांतून गेला, पण चिकटून उभ्या इमारती, काचबंद कार्यालये आणि बंद दाराचे शौचालय तेच काम करीत आहेत. म्हणून ऊन आणि पाणी यांचा उपदेश करताना ऐकणाऱ्याला आधी विचारावे : तुमच्या घराला गच्ची किंवा अंगण आहे का, आणि कामाच्या जागी जायला जागा आहे का? उत्तर नाही असेल, तर पहिले पथ्य त्या माणसाने नव्हे, गावाने आणि नगरपालिकेने पाळायचे आहे.