पिंपरीचे पेनिसिलीन आणि आतड्यांतील जंतू

पुण्याजवळ पिंपरी येथे १९५४ साली हिंदुस्थान अँटिबायोटिक्स ही सरकारी कंपनी स्थापन झाली. जागतिक आरोग्य संघटना व युनिसेफ यांच्या साहाय्याने उभारलेल्या तिच्या कारखान्यात १९५५ साली पेनिसिलीन तयार होऊ लागले. न्यूमोनियाने लेकरू किंवा बाळंतपणातील तापाने आई दगावताना पाहिलेल्या पिढीला ते संजीवनीसमान वाटले असल्यास नवल नाही.

मात्र या संजीवनीवरचा उतारा जंतूंपाशी आधीच होता. एशेरिकिया कोलाय हे जंतू आपल्या आतड्यांत नेहमीच वास करतात. थिओडोर एशेरिक या बालरोगतज्ज्ञाने १८८५ साली त्यांचे प्रथम वर्णन केले. एरवी ते बहुधा निरुपद्रवी असतात. पण मूत्रमार्गात वा रक्तात शिरले की जिवावर बेतते. पेनिसिलीन बाजारात येण्यापूर्वीच, १९४० साली, एब्राहम आणि चेन या ऑक्सफर्डच्या संशोधकांना याच जंतूंत पेनिसिलीनचा नाश करणारे विकर आढळले. अपुऱ्या मात्रेने जंतू औषधाला सरावतात, असा इशारा फ्लेमिंग यांनीही १९४५ सालच्या नोबेल व्याख्यानात दिला होता.

पुढे १९५९ साली जपानी शास्त्रज्ञांनी दाखवून दिले की, आतड्यांतील हे जंतू आपली प्रतिकारशक्ती आमांशाच्या जंतूंनाही देऊ शकतात. २००८ साली भारतात उपचार घेऊन परतलेल्या एका स्वीडिश रुग्णात अखेरच्या राखीव औषधांनाही दाद न देणारे जंतू सापडले. त्यांच्यातील विकराला दिल्लीचे नाव दिले गेले, म्हणून आपल्याकडे मोठा वाद झाला. २०१९ या एका वर्षात अशा प्रतिकारामुळे जगात सुमारे १२ लाख ७० हजार माणसे दगावली, असा अंदाज आहे.

आपल्या देशात १ मार्च २०१४ पासून काही प्रतिजैविकांच्या विक्रीची नोंद ठेवणे औषधविक्रेत्यांवर बंधनकारक झाले. परंतु घरातील डब्याची नोंद कोण ठेवणार? ताप उतरताच उरलेल्या गोळ्या आम्ही जपून ठेवतो आणि पुढे सर्दीपडशालाही त्याच घेतो. सर्दीच्या विषाणूंवर त्यांचा काहीच परिणाम होत नाही. आतड्यांतील दुबळे जंतू तेवढे मरतात. चिवट उरतात आणि वाढतात. डॉक्टरांनी सांगितल्याखेरीज गोळी न घेणे, सांगितली तर सांगितल्याप्रमाणेच घेणे, एवढे आम्हांस सहज साधण्याजोगे आहे. आमच्या आईवडिलांना लाभलेले औषध नातवंडांच्याही उपयोगी पडावे, यासाठी इतके तरी आम्ही केलेच पाहिजे.