गवळाऊचा माग

कारंजा म्हटलं की उरलेला महाराष्ट्र वाशीम जिल्ह्यातल्या लाडांच्या कारंज्याकडे, नृसिंह सरस्वतींच्या जन्मगावाकडे बघतो. हे कारंजा घाडग्यांचं, वर्धा जिल्ह्याच्या उत्तर टोकाचं. नागपूर–अमरावती महामार्गावर कोंढाळी मागे पडली की सातपुड्याचे फाटे रस्त्याला भिडतात आणि सागाच्या जंगलातून बाहेर पडता पडता हे गाव लागतं. संत्र्याच्या हंगामात इथे ट्रकांची रांग असते. नाव काढावं असा किल्ला इथे नाही. पण गुरांची पारख असलेल्या माणसाला या तालुक्याची ओळख द्यावी लागत नाही. गवळाऊ गाईचं हे घर.

गवळाऊ ओळखायला सोपी. गाय पांढरीशुभ्र, बैलाची मान, वशिंड आणि मागचा भाग राखाडीकडे झुकलेला. तोंड लांबट, नाकपुडीकडे निमुळतं होत गेलेलं, कपाळ मागे झुकलेलं, डोळे बदामी. शिंगं आखूड आणि बोथट, त्यामुळे खिल्लारीचा डौल हिला नाही. पाय मात्र बघत राहावेत असे: लांब, सरळ, खूर घट्ट. उभी असली तरी निघायच्या बेतात असल्यासारखी दिसते. 1953 साली जोशी आणि फिलिप्स यांनी जागतिक अन्न व कृषी संघटनेसाठी भारत-पाकिस्तानातल्या गोवंशांवर मोठा ग्रंथ लिहिला. त्यात गवळाऊला हरियाणवी, नागोरी, ओंगोल यांच्या पंक्तीत बसवलं आहे. ओंगोलशी तिचं साम्य तर डोळ्यांत भरतं, फक्त ती अंगाने हलकी.

हा हलकेपणा आला कुठून? रूढ उत्तर मराठ्यांच्या फौजांचं आहे. नागपूरकर भोसल्यांच्या स्वाऱ्या गोंडवनातून पार बंगालपर्यंत जात, त्यांना डोंगराळ मुलखात झपाझप चालणारे बैल हवे होते आणि त्या गरजेतून ही जात निवडून निवडून घडली, असं ते उत्तर. त्यात तथ्य असावं, पण मला ते अर्धंच वाटतं. फौजेच्या धान्याचा मोठा भार बंजाऱ्यांच्या तांड्यांनी, पाठीवर गोण्या लादलेल्या बैलांनी वाहिला. जात घडते ती वर्षानुवर्षं एकाच मुलखात, एकाच हातांनी वळू निवडल्याने. ते हात गवळ्यांचे. छिंदवाड्याच्या देवगडावर गोंडांच्या आधी गवळी राजे होते, अशी आख्यायिका त्या बाजूला आजही सांगतात. राजे होते की नव्हते ते असो; छिंदवाड्यापासून कारंजा-आर्वीपर्यंतच्या डोंगरपट्ट्यात गवळ्यांची वस्ती जुनी, आणि गवळाऊचा मूळ पट्टाही तोच. स्वतःला श्रीकृष्णाच्या नंदाचे वंशज म्हणवणारे नंदगवळी कारंजा तालुक्याच्या जंगलकाठच्या गावांत अजून आहेत.

जंगलातली चराई आणि बरड जमीन, दोन्हींनी मिळून हे जनावर घडवलं. सकाळी गावची ढोरं आखरावर जमायची, गायकी, म्हणजे गुराखी, त्यांना घेऊन डोंगरावर जायचा, दिवेलागणीला परत. दिवसभर चढउतार करून जे मिळेल ते खायचं. अशा चराईत जड अंगाचं जनावर टिकत नाही, भरपूर दूध देणारंही टिकत नाही. इथल्या मुरमाड, उथळ मातीत डवरा ओढायला हलकी जोडी हवी, आणि कापसाची बंडी आर्वीच्या बाजारात वेळेत पोचवायला पळणारी. 1917 मध्ये पुलगाव–आर्वी ही अरुंद रुळांची रेल्वेगाडी सुरू झाली, तरी वेचणीचा कापूस शेतातून आर्वीपर्यंत बैलांनीच आणला. रेल्वेने बैलाची वाट आखूड केली, काम काढून घेतलं नाही.

मग वर्ध्यात गांधीजी आले. 1936 मध्ये ते शेगावात, म्हणजे पुढच्या सेवाग्रामात राहायला गेले. गाय हा त्यांच्या ग्रामरचनेतला गाभ्याचा विषय होता, जरी ते स्वतः शेळीचं दूध घेत. 1941 मध्ये जमनालाल बजाजांनी सगळं सोडून गोसेवा संघाचं काम अंगावर घेतलं आणि फेब्रुवारी 1942 मध्ये गेले, ते त्याच कामात असताना. या मंडळींचा आग्रह साधा होता: म्हशीच्या मागे लागू नका, गाय अशी जोपासा की तिने दूधही द्यावं आणि शेतीला बैलही. वर्ध्याचं गोरस भांडार आणि तिथला गाईच्या तुपातला गोरसपाक ही त्या आग्रहाची खाता येणारी खूण. गवळाऊकडे दुधाच्या अपेक्षेने पाहणं याच काळात वाढलं. कारंजा तालुक्यातल्या हेटीकुंडीला सरकारचं पशुपैदास प्रक्षेत्र आहे, ते याच गोवंशाच्या जतनासाठी.

दुधाचं माप एकदा हातात आलं, आणि तिथेच गवळाऊचं घोडं पेंड खायला लागलं. एका वेतात सरासरी सहाशे लिटरच्या आसपास दूध देणारी ही गाय. संकरित गाय चांगल्या खुराकावर त्याच्या तिप्पट-चौपट सहज देते. पुढे जर्सीच्या रेतनमात्रा गावोगाव पोचल्या आणि ज्या शेतकऱ्याला डेअरीत दूध घालायचं होतं त्याने जो हिशेब केला तो चुकीचा नव्हता. पण ज्या जनावराचा वळू शतकानुशतकं पायांसाठी निवडला गेला, त्याला फक्त कासेवरून जोखलं गेलं. दुसरीकडून ट्रॅक्टर आला आणि पायांचीही किंमत गेली. जंगलात राखीव क्षेत्रं वाढत गेली. वर्धा जिल्ह्यातलंच बोर अभयारण्य 1970 मध्ये झालं, 2014 मध्ये त्याचा व्याघ्र प्रकल्प झाला. वाघ राखायलाच हवा, याबद्दल दुमत नाही. पण चराई आखडली ती गवळ्यांचीच, आणि डोंगरावर गेलेलं वासरू संध्याकाळी परत येईल याची खात्रीही गेली.

एक जागा अशी उरली जिथे गवळाऊला दूध विचारत नाहीत: शंकरपट. विदर्भातली ही बैलांची शर्यत. हलकी गाडी, एक जोडी, आखलेली धाव, आणि हातात घड्याळ घेतलेला पंच. इथे जोडीने सेकंदाचा काही भाग वाचवला तरी मालकाचं नाव पंचक्रोशीत होतं. जोडीसाठी गोऱ्हा लहानपणापासून राखायचा, त्याला वेगळं दाणावैरण, औताला लावायचा नाही. मे 2014 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने शर्यती थांबवल्या, डिसेंबर 2021 मध्ये अटींसह परवानगी दिली आणि मे 2023 मध्ये घटनापीठाने महाराष्ट्राचा कायदा वैध ठरवला. जनावराला होणाऱ्या इजेचा प्रश्न खोटा नाही. तुतारी, म्हणजे टोकाला खिळा लावलेली काठी, टोचून पळवलेला बैल मीही पाहिला आहे. मात्र बंदीच्या सात वर्षांत चांगला गोऱ्हा राखायचं कारणच संपलं होतं, हे गावात कुणीही सांगेल.

आता संत्रा बागाईतदार शेणखतासाठी दोन-चार गवळाऊ कोठ्यात बांधतात, नैसर्गिक शेतीवाले गोमूत्रासाठी मागतात. 2014 च्या राष्ट्रीय गोकुळ मिशनपासून देशी वळूंच्या रेतनमात्रांना सरकारी पाठबळ आहे. हे सगळं चांगलंच. फक्त कोठ्यात बांधून वाढलेल्या कालवडीला डोंगर चढावा लागत नाही, आणि चढणारी कोणती, थकणारी कोणती, हे गायकीला कळायचं ते डोंगरावरच. वळू निवडायचा तर तालुक्यातल्या जुन्या गवळ्याला अजूनही आधी जनावर चालवून दाखवावं लागतं. दुधाचा आकडा तो नंतर विचारतो.